डोंगरावरची कवायत

१३ ऑक्टोबर, रविवार
वसतिगृह, संध्याकाळ

मास्तर,

नमस्कार. मी इथे खुशाल आहे. दर पत्रात याच्यापुढे "तुम्हीही खुशाल असाल" असं लिहायची माझी सवय आहे, पण आज ते वाक्य मागे ठेवलंय. का, ते पुढे कळेल.

पत्र लांबणार आहे. तेव्हा चष्मा शोधा (फ्रिजवर असेल), चहा घ्या आणि मग बसा. पानांचे फोटो काढून नेहमीसारखे तुमच्या फोनवर पाठवते. लेकीला वाचून दाखवायला सांगू नका. ती निम्मं गाळते आणि उरलेलं हसत हसत वाचते. हे पत्र तुमचं तुम्ही वाचा.

तुम्ही दर फोनला विचारता ना, "अगं, एवढ्या लांब परदेशात गेलीस, काही फिरलीस की नाही, की नुसती लोकांचे पाय बघत बसलीस?" तर ऐका, फिरले. दोन दिवस फिरले. पाय बघायचे राहिले नाहीत, पण डोंगरही बघितला.

झालं असं, की शुक्रवारी आमच्या सरांनी वर्गात येऊन सांगितलं, शनिवार-रविवार कार्यशाळा बंद, जमिनीला नवा रंग द्यायचाय, तेव्हा कोणी प्लास्टर कालवताना दिसता कामा नये. सर म्हणजे ते टक्कलवाले, बोलताना सारखी आपल्याच गुडघ्यावर थाप मारणारे. माझा कृत्रिम पायाचा एक साचा अर्धवट पडला होता. ज्या बाईंसाठी करतेय त्यांचा पाय गुडघ्याखालून नाही, आणि त्यांना नातीच्या लग्नात नाचायचंय. चालायचं नाही, नाचायचंच. मी म्हटलं, सर, तेवढा एक साचा उरकू द्या. तर म्हणाले, "सगळ्यात आधी तुम्ही बाहेर पडा. तुम्ही आल्यापासून या गल्लीच्या पलीकडे गेला नाहीत."

खरं होतं ते. मग माझ्या खोलीतल्या मुलीने बेत ठरवला. तिला मी मनातल्या मनात चिमणी म्हणते, कारण ती दाणे टिपल्यासारखी जेवते आणि दिवसभर बोलते. तिच्याबरोबर वर्गातला एक उंच मुलगा, लंबूटांग. दोघांचं काहीतरी चाललंय असा मला संशय आहे. मग मला कशाला नेलं, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हटलं. तर चिमणी म्हणाली, तुम्ही असलात की डबा असतो.

शनिवारी शेजारच्या गावाला गेलो. तळ्याकाठचं जुनं गाव आहे. मधोमध घड्याळाचा मनोरा, आणि बाराच्या ठोक्याला त्यातून लाकडी बाहुल्या बाहेर येऊन गोल फिरतात. सगळा चौक मान वर करून बघत होता आणि मी त्यांच्या पायांकडे. एक बाई डाव्या टाचेवर भार देत नव्हती. एका पोलिसाचा एक पाय किंचित आखूड होता आणि त्याचं त्याला माहीत नसावं. लंबूटांग म्हणाला, "वर बघा, वर." मी वर बघेपर्यंत बाहुल्या आत गेल्या होत्या.

काय करणार? माझी नजर खालीच जाते. तुम्हाला आठवतंय ना, मी तुम्हाला पहिल्यांदा बघितलं ते तुमच्या शाळेच्या मैदानावर. सातवीतल्या त्या मुलीच्या पायाला आधार देणारा पट्टा तपासायला मी आमच्या कृत्रिम अवयव केंद्रातून आले होते, आणि तुम्ही पोरांच्या पुढे कवायत करत चालला होता. पाठ ताठ, दोन्ही हात खांद्याएवढे, एकाच मापाने पुढे आणि मागे. मी पट्टा हातात घेऊन उभी राहिले. तुमचा चेहरा मी बऱ्याच वेळाने बघितला. होकार तुमच्या चालण्याला दिला होता, तोंडाकडे बघून दिला असता का, ते सांगता येत नाही.

दुपारी राजवाडा बघितला. आत शिरताना बुटांवरून चढवायला जाड लोकरी सपाता देतात, लाकडी जमिनीवर ओरखडे उठू नयेत म्हणून. सगळ्यांना एकच माप. त्या निसटू नयेत म्हणून पाय उचलायचेच नाहीत, घासत न्यायचे. मग काय, राजाच्या निजायच्या खोलीतून आम्ही सगळे खर्र खर्र करत निघालो. लंबूटांग घसरला तो राणीच्या आरशापुढच्या दोरीला लटकला. पहारेकरीण धावत आली. चिमणी इतकी हसली की तिला बाहेर न्यावं लागलं.

मलाही हसू आलं होतं. पण पुढच्या दालनात मला जाववेना. तो आवाज. एवढ्या माणसांच्या पायांचा तोच आवाज, खर्र आणि परत खर्र. मी खिडकीपाशी बाकावर बसून राहिले. चिमणी विचारायला आली तर म्हटलं, पाय भरून आलेत. खोटं बोलले. तो आवाज कशाचा आठवला ते सांगते, पण आधी डोंगराचं सांगू दे.

आज सकाळी डोंगर. लेकीने पसंत केलेले नवे बूट घातले आणि पहिल्याच चढाला टाच सोलली. जन्मभर दुसऱ्यांच्या पायांची मापं घेणारी बाई स्वतःच्या बुटाचं माप चुकली, हे वर्गात कळता कामा नये असं मी चिमणीला बजावलंय. म्हणजे उद्या सगळ्यांना कळणार.

वाट तशी सोपी होती. आधी झाडी, मग गवताळ चढ. मध्येच गुरं बाहेर जाऊ नयेत म्हणून एक अरुंद लाकडी फाटक घातलंय, एका वेळी एकच माणूस जाईल असं. तिथे रांग खोळंबली होती. पुढे एक आजोबा फाटकासमोर उभे. ना आत, ना बाहेर. मागचे लोक खाकरायला लागले. लंबूटांगला वाटलं, ते डोंगर बघतायत.

मी त्यांचे पाय बघितले आणि मला समजलं. वरचं अंग पुढे निघालेलं, गुडघे थरथरतायत, आणि तळवे जमिनीला चिकटल्यागत. उजवा हात पोटाशी धरलेला. पुढे गेलेल्या त्यांच्या बायकोने मागे वळून बघितलं. परत आली आणि आपला बूट त्यांच्या बुटापुढे आडवा धरला. शाळेत पोरं एकमेकांना पाडायला धरतात, अगदी तसा. आजोबांनी तो पाय ओलांडला आणि निघाले की चालायला. फाटकातून पार.

हे मी वर्गात शिकलेय. अशा आजारात सपाट जागीही पाय अडतो, आणि समोर ओलांडायला काही दिलं, एखादी रेघ, एखादी काठी, की सुटतो. सरांनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी मुकाट्याने उतरवून घेतलं होतं. आज ते एका बाईच्या बुटात बघितलं आणि मला चष्मा पुसायला थांबावं लागलं.

वर माथ्यावर एकच बाक होता, त्यामुळे आम्ही आणि ते दोघं एकत्रच बसलो. खाली सगळं तळं दिसत होतं. मी डबा उघडला, ब्रेड आणि उकडलेली अंडी. आजोबांनी दोन अंडी खाल्ली आणि चिमणीला तळ्यातल्या बोटींची माहिती द्यायला लागले. आवाज बारीक, पण गडी मजेत होता. आजींनी मला विचारलं, तुमचे हे काय करतात? माझ्या मोडक्यातोडक्या भाषेत मी म्हटलं, शाळेत मुलांना चालायला शिकवतात. त्या हसल्या. मग म्हणाल्या, "आणि आहेत कसे?"

मी म्हटलं, बरे आहेत. आणि मास्तर, मी डबा बंद करून टाकला.

उतरताना एका ओढ्यावर फळी टाकलेली होती. आजी लंबूटांगचा हात धरून पलीकडे गेल्या. आजोबा फळीवर चढले आणि मधोमध अडले. मी त्यांच्या पाठीशी. पुढे जाऊन पाय आडवा धरायला जागा नाही, आजींना उलट यायला जागा नाही. खाली पाणी फार नव्हतं, पण दगड होते. आजोबांची मान ताठ झाली. ते घाबरलेत हे मला त्यांच्या पाठीवरून कळत होतं.

मला काय सुचलं कोण जाणे. मी ओरडले. "डावा, उजवा. डावा, उजवा." आपल्या भाषेत. तुमच्या आवाजात. शेवटचा "वा" तुम्ही ओढता तसा ओढून. इतकी वर्षं शाळेलगतच्या आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकतेय, मला वेगळं शिकायला नको. आजोबांना शब्द कळायचा प्रश्नच नव्हता. पण ठेका कळला. एक पाय उचलला, मग दुसरा. मी ओरडत राहिले आणि ते फळी उतरून पलीकडे गवतावर गेले, तरी थांबेचनात. आजी म्हणाल्या, "बस करा आता, नाहीतर हे घरापर्यंत जातील."

तुमच्या कवायतीने आज एक परका माणूस ओढा ओलांडून गेला, मास्तर. चिमणीला तर इतकं आवडलं, की बसथांब्यापर्यंत ती आणि लंबूटांग मोठ्याने डावा-उजवा करत उतरले.

आजी माझ्याबरोबर मागे राहिल्या. हे काय होतं, म्हणून विचारलं. मी म्हटलं, माझ्या नवऱ्याचं काम. मग का कोण जाणे, त्या आपण होऊन बोलायला लागल्या. म्हणाल्या, "पहिलं वर्षभर यांनी मला काही सांगितलंच नाही. त्या वर्षी मी फार ओरडले त्यांच्यावर. हळू चालता म्हणून, सांडता म्हणून, हाक मारली तर उठत नाही म्हणून. आजाराचं काय, तो आला तर आला, आम्ही दोघं त्याला घेऊन डोंगर चढतो. पण ते ओरडणं मला परत घ्यायचंय, आणि ते घेता येत नाही."

आता तो आवाज, मास्तर.

फोनवर बोलता बोलता तुम्ही चहा टाकायला स्वयंपाकघरात जाता. तुमच्या चपलांचा आवाज माझ्या कानात पक्का बसलाय. फट फट, एका तालात, चुकायचं नाव नाही. पावसाळ्यात केव्हातरी त्यातला एक फट गेला आणि त्या जागी खर्र आला. फट, खर्र. फट, खर्र. मी विचारलं, हे काय वाजतंय? तुम्ही म्हणालात, चपलेचा पट्टा सैल झालाय. दुसऱ्या दिवसापासून आवाज बंद. मला वाटलं, नव्या घेतल्या असतील. मग लेक सहज बोलून गेली, बाबा हल्ली घरात अनवाणीच असतात. तुम्ही, जे पलंगावरून उतरायच्या आधी पायाने चपला चाचपता. फरशी गार लागते म्हणून मला वर्षानुवर्षं पायपुसणी पसरायला लावणारे तुम्ही.

तेव्हापासून बघतेय. व्हिडिओवर तुम्ही कायम खुर्चीत. जरा उठून खिडकी उघडा, जास्वंद दिसू दे, म्हटलं, तर लेकीला उठवता. कपाटातली माझी शाल दाखवा म्हटलं, तर लेक. आणि मी काय केलं? टोमणे मारले. मी नाही तर जागचे हलत नाही म्हटलं. पीटीचे मास्तर की पोत्यातले बटाटे, असंही म्हटलं. तुम्ही हसलात. ते हसणं आता आठवलं की जीव नको होतो.

मग तुमच्या शाळेच्या कारकुनांनी मला क्रीडादिनाचा व्हिडिओ पाठवला. त्यांच्यावर रागावू नका, त्यांना बिचाऱ्यांना वाटलं मला आनंद होईल. मुलांची रांग आणि पुढे तुम्ही. डावा हात खांद्यापर्यंत. उजवा हात मांडीला चिकटलेला. मागे सगळ्या पोरांचे दोन्ही हात वरखाली होतायत, आणि ज्यांनी त्यांना ते शिकवलं त्यांचा एकच. किती वेळा बघितला ते विचारू नका.

तुम्हाला ते कळलं नसेल, असं मला सांगू नका. एखाद्या पोराचा हात जरा खाली राहिला तर मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून ओरडणारा माणूस तुम्ही. आणि मी चालण्यातच जन्म घालवलेली. म्हणून तर तुम्ही मला सगळं दाखवता, चेहरा दाखवता, दात दाखवता, फक्त उठून उभे राहत नाही.

का लपवलंत, तेही मला कळतं. मी सामान बांधून निघेन, याची तुम्हाला धास्ती. या कोर्सचा अर्ज तुम्ही आणलात. मी नको नको म्हणत होते तेव्हा "आत्ता नाही गेलीस तर कधीच जाणार नाहीस" म्हणून तुम्ही माझ्या मागे लागलात. फेब्रुवारीत कोर्स संपेपर्यंत दम काढायचा, मग बघू, असं तुम्ही ठरवलंत. तुमचा मनसुबा मला इथे बसून वाचता येतो.

पण मी घाबरलेय हो. खूप घाबरलेय. गेला महिनाभर वर्गात हा धडा निघाला की मी पाणी प्यायला बाहेर जाते. मी डॉक्टर नाही. तुमचा खांदा आखडला असेल, मानेत नस दबली असेल. आणि त्या आजोबांचं आहे तेही असेल, पार्किन्सन. घ्या, लिहिला शब्द.

तेव्हा या आठवड्यात मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. लेकीला बरोबर न्या. तिला तुम्ही शपथ घातली असणार, ती सोडवा. पोरगी हल्ली माझ्याशी फार गोड बोलते, त्यावरूनच मला संशय आला होता.

आणि मी यायचं की थांबायचं, हे तुम्ही एकट्याने ठरवलंत, तसं यापुढे करायचं नाही. डॉक्टर काय म्हणतात ते ऐकून दोघांनी ठरवू. कदाचित थांबेन आणि त्या बाईंना लग्नात नाचवूनच परत येईन. कदाचित पुढच्या रविवारी दारात उभी असेन. पण थांबेन तर सगळं माहीत असून थांबेन. तुम्ही गार फरशीवर अनवाणी फिरताय आणि मी इकडे राजवाडे बघतेय, हे मला नको.

लग्नाआधी मी तुला अरे-तुरे करायचे. तुझ्या आईंनी डोळे वटारले म्हणून अहो झालास. आज तेवढ्यापुरतं ते बाजूला ठेवते. काय वाटेल ते लपव रे, पण चालणं लपवू नकोस. तोंड तर मी नंतर बघितलं होतं.

उद्या फोन कराल तेव्हा लेकीला फोन फळीवर उभा ठेवायला सांगा, सगळी खोली दिसेल असा. चपला घाला. त्या जुन्याच, आवाज करणाऱ्या. मग दारापासून खिडकीपर्यंत जा आणि परत या. मी इकडून ठेका धरते, डावा-उजवा मला आता चांगलं जमतं. कुठे अडलात तर अडलात, घाई नाही. मी फोन ठेवणार नाही.

ते मागे ठेवलेलं वाक्य आता लिहिते. तुम्ही खुशाल आहात की नाही ते मला माहीत नाही. या खेपेला खुशाली तोंडाने नको, पायांनी कळवा.

तुमच्या वाटेत पाय आडवा धरायला केव्हाही तयार असलेली,
तुमचीच